लस घ्यायला लोक का कचरले आणि मग का तयार झाले? खानदेशातले तुमचे अनुभव सांगा

निवृत्त_सिस्टर (शहादा) | ६ मे २०२४, रात्री १०:४०

परवा शिरपूरला नात्यातल्या हळदीला गेले होते. जेवणं उरकली आणि पुरुषांच्या घोळक्यात कोविडच्या कोविशील्ड लसीचा विषय निघाला. ही लस मुळात ज्यांची, त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या कोर्टात लिहून दिलं की लसीमुळे अगदी क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात, ती बातमी सध्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतेय. आमचे एक काका सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तू तर दारोदार हिंडून टोचलंस लोकांना. आता काय सांगशील?" मांडवातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उत्तर दिलं, आकडे सांगितले, पण ते उत्तर माझं मलाच पुरलं नाही. दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा काढते.

मी चौतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली. आधी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, मग एलएचव्ही, म्हणजे त्यांच्यावरची पर्यवेक्षिका. बहुतेक नोकरी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत गेली. १९९५ पासूनचे पोलिओ रविवार केले, २०१८ ची गोवर-रुबेला मोहीम केली. नकार मला नवा नव्हता. पण २०२१ मध्ये जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. जिच्या तिन्ही लेकरांना मी टोचलं, जी दर महिन्याला कार्ड घेऊन माझी वाट बघायची, तीच बाई मला लांबून येताना बघून शेतात निघून गेली. लस म्हणजे काय हे तिला नीट माहीत होतं. सुईला ती घाबरत नव्हती. मग कशाला घाबरत होती?

आणि आधी आमचंच सांगते. १६ जानेवारी २०२१ ला सुरुवात झाली ती आम्हा आरोग्यवाल्यांपासून. यादीत नाव असलेले आमचेच बरेच जण त्या पहिल्या दिवसांत आले नाहीत. कुणाला ताप होता, कुणाच्या घरी कार्यक्रम. गावाने हे पाहिलं होतं. १ मार्चला साठीपुढचे आणि १ एप्रिलला पंचेचाळीसच्या पुढचे सगळे, असं आम्ही दारात जाऊन सांगायला लागलो तेव्हा पहिला प्रश्न हाच यायचा, की सिस्टर, तुमच्या ऑफिसातल्या अमक्याने घेतली का?

एक प्रसंग सांगते, तो मी आजवर कुठे सांगितलेला नाही. मोलगीच्या पुढे एक पाडा. जीप सोडल्यावर डोंगरातून चालत जायचं, खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर, आत चार आईसपॅक. कोविशील्डच्या एका वायलमध्ये दहा डोस. वायलला एकदा सुई लावली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. पोचलो तर सगळा पाडा रिकामा. तिघं मात्र थांबली होती, एक म्हातारा आणि दोन बाया, बाह्या वर करून. डोस वाया घालवू नका, असं वरून सक्त सांगणं होतं. तिघांसाठी वायल फोडली तर सात डोस जाणार. मी वायल फोडली नाही. "पुढच्या वेळी दहा जण जमवून ठेवा," असं सांगून परत फिरले.

पुढच्या वेळी गेले तेव्हा ते तिघंही बसले नव्हते.

तिसऱ्या खेपेला आम्ही मुक्कामाच्या तयारीने गेलो. पाड्यावरच्या आशाताईने बोलणं काढलं. एका आजीने तिला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं, ताईने मला सांगितलं, "ती म्हणते, टोचल्यावर ताप आला तर उद्या सकाळी ही बाई इथे असेल का?" आमच्या कुठल्याच फॉर्मवर, कुठल्याच पोस्टरवर या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, असेन. रात्री शाळेच्या खोलीत झोपलो आणि पहाटे तापाच्या गोळ्या घेऊन घरोघर फिरलो. दोघांना ताप होता, एकाचा दंड सुजला होता, बाकीचे कामाला लागलेले. त्या दिवशी दुपारपर्यंत दोन वायली पूर्ण संपल्या.

तुमच्या गावात काय झालं? कोण आधी तयार झालं, कोण शेवटपर्यंत नाही, कशाने फरक पडला? निवडणूक आठवड्यावर आली आहे, तेव्हा पक्षांचं राजकारण इथे नको ही विनंती.


केळीबाग_रावेर | ७ मे, सकाळी ७:०५

सिस्टर, आमच्याकडे चित्र उलटं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या भागात लस घ्यायला नाही म्हणणारा शोधून सापडला नसता. त्याचं कारण साधं आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याच्या मृत्युदराची राज्यभर चर्चा होती, आणि दुसऱ्या लाटेत तर एकेका गल्लीतून दोन-दोन माणसं गेली. मरण दिसलं की माणूस सुईला भीत नाही. पहाटे चारला केंद्रासमोर चपला आणि दगड ठेवून नंबर लागायचे. नऊ वाजता शिपाई येऊन सांगायचा, आज शंभरच डोस आलेत. कधी सांगायचा, आज आलेच नाहीत.

आमची माणसं बिथरली ती वेगळ्याच गोष्टीने. माझ्या वडिलांना मार्चात पहिला डोस दिला तेव्हा कार्डावर लिहून दिलं, चार आठवड्यांनी या. मग कळलं सहा ते आठ आठवडे. मेच्या मध्यात गेलो तर बारा ते सोळा आठवडे. वडील म्हणाले, "केळीला खत कधी द्यायचं हे मी दर पंधरा दिवसांनी बदललं तर तू मला शेतात ठेवशील का?" अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती चांगली तयार होते, असा अभ्यास होता हे मी नंतर वाचलं. पण तेव्हा तो कुणी समजावला नाही. नेमका डोसांचा तुटवडा आणि नेमकं अंतर वाढलं, मग लोकांनी त्यांचा हिशोब मांडला. घाटाखालच्या मजुरांनी दुसरा डोस घेतलाच नाही, त्याचं बीज इथे आहे असं मला वाटतं.


पुण्यात_धुळेकर | ७ मे, सकाळी ९:३०

केळीबाग, तुम्ही चपलांच्या रांगेचं लिहिलंत म्हणून माझंही सांगतो. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाचे स्लॉट सुरू झाले. मी तेव्हा घरून काम करत धुळ्यात होतो. नोंदणीच्या कोविन पोर्टलवर शहरात स्लॉट मिळेना, मग मित्रांनी मिळून साक्री तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर बुक केले. गाडी करून गेलो, टोचून घेतलं, फोटो काढले. केंद्राच्या बाहेर लिंबाखाली गावातली माणसं बसली होती. त्यांच्याकडे ना ओटीपी होता ना स्लॉट. आम्ही त्यांच्या समोरून आत गेलो आणि बाहेर आलो. एक बाबा विचारत होते, "कोण गावना तुम्ही?" मी उत्तर न देता गाडीत बसलो.

नंतर वर्तमानपत्रात वाचलं की ग्रामीण भागात लसीला प्रतिसाद नाही, तेव्हा मला ते बाबा आठवले.


आशा_तळोदा | ७ मे, दुपारी २:१५

सिस्टर तुम्ही लिहिलं ते वाचून रडू आलं. आम्हाला घरोघर पाठवायचे आणि लोक आमच्या अंगावर यायचे, कारण आम्ही त्यांच्याच गावच्या. सरकारचा राग सरकारवर काढता येत नाही, तो आशावर काढतात.

आमच्या गावात काय काय चालायचं ते सांगते. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असा एका परदेशी शास्त्रज्ञाच्या नावाने मेसेज आला होता. तो खोटा आहे असं सरकारने जाहीर केलं, पण मेसेज सगळ्यांकडे पोचला आणि खुलासा कुणाकडेच नाही. बायांमध्ये असं की पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर घ्यायची नाही. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस तिथेच गेले. पोरं म्हणायची मूलबाळ होणार नाही. पुरुषांचा सगळ्यात मोठा प्रश्न हा की दारू किती दिवस बंद. कुणीतरी उठवलं दोन महिने बंद, झालं, आख्खी वस्ती गायब.

पण ताई, खरं कारण मला वेगळं दिसलं. ताप आला तर दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. घरात रोजचं आणून रोज खायचं. दोन दिवस अंग दुखलं तर त्या दोन दिवसांचं कोण देणार? मी काय करायचे, ज्या घरात दोघं कमावते त्यांना एका दिवशी दोघांना टोचू द्यायचे नाही. आज नवरा, आठ दिवसांनी बायको. आणि शक्यतो बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, कारण बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असते. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. गर्भार बायांना २ जुलै २०२१ पासून परवानगी मिळाली, तोपर्यंत त्यांना नाही म्हणायचं आणि नंतर घ्या म्हणायचं हेसुद्धा आमच्याच तोंडून.

१५ जून २०२१ पासून आम्ही राज्यभर संपावर होतो, मानधनासाठी. तेव्हा लोक म्हणायचे, लसीच्या ऐन वेळी संप करता. पण ताप आलेल्या घरात सकाळी गोळी घेऊन जाणारी बाई हीच होती, आणि तिचेच पैसे थकलेले.


अमळनेरचा_मास्तर | ७ मे, संध्याकाळी ६:५०

इतिहासाचा शिक्षक आहे, म्हणून थोडं मागे जातो. आशाताईंनी लिहिलेल्या अफवा वाचताना मला १८९७ आठवलं. प्लेगची लस हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना दिली. सरकारने काय केलं? ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आणला आणि घरं तपासायला सैनिक पाठवले. पुण्यात लोकांचा संताप झाला तो त्या झडत्यांवर. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. त्या काही महिन्यांत एकाच शहरात लोकांनी दोन गोष्टी पाहिल्या, दार तोडून आत येणारा शिपाई आणि आजाऱ्याला उचलून नेणारी बाई. लोक कुणाचं ऐकतील?

२०२० च्या मार्चमध्ये तोच १८९७ चा कायदा आपल्याकडे पुन्हा लागू झाला, हे पण लक्षात घ्या.

मूळ प्रश्नाला धरून एक गोष्ट सांगतो. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनवर ठपका आला, त्याला कामावरून दूर केलं. तो निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. दोष लस बनवण्यात नव्हता, ती बाटली गावात उघडली गेली तेव्हा काहीतरी दूषित झालं, असं दिसून आलं. मधली पाच वर्षं लोकांच्या मनात काय राहिलं असेल? चूक झाली तर ती लगेच, मोठ्याने, लोकांच्या भाषेत सांगायची असते. उशिरा कळलेलं खरंसुद्धा लोकांना लपवलेलं वाटतं. सिस्टरच्या मांडवात तेच झालं.


भुसावळ_डॉक्टर | ७ मे, रात्री ९:२०

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण सहमती, कारण ही बातमी मुळात नवी नाहीच. गाठींचा हा प्रकार मार्च-एप्रिल २०२१ मध्येच युरोपात लक्षात आला होता. लसीनंतरचे त्रास तपासणाऱ्या आपल्याकडच्या राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्ये जाहीर केलं की भारतात असे संभाव्य रुग्ण दर दहा लाख डोसांमागे ०.६१ इतके आढळले. ब्रिटनचा तोच दर त्याच निवेदनात दहा लाखांमागे ४ दिला होता. लसीनंतर शरीरात प्लेटलेटशी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींशी, संबंधित एका घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे गाठी होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. हे साधारण चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत घडतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर. ज्यांनी २०२१ मध्ये घेतली त्यांना आज २०२४ मध्ये त्या कारणाने गाठ होईल, ही भीती बाळगायचं कारण नाही. गेला आठवडाभर माझ्या दवाखान्यात रोज दहा जण हेच विचारतात.

पण इथे मला प्रामाणिक राहायला हवं. ०.६१ हा आकडा नोंद झालेल्यांवरून आलेला आहे. आपल्याकडे लसीनंतरचा त्रास कळवणारी यंत्रणा बरीचशी स्वतःहून येणाऱ्यांवर चालते. धडगावच्या पाड्यावर कुणाला पंधराव्या दिवशी भयंकर डोकं दुखलं तर ते कुठे नोंदलं गेलं असेल? म्हणून खरा आकडा थोडा जास्त असू शकतो. जास्त धरला तरी त्या एप्रिलमध्ये कोविडने मरण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट होता, विशेषतः पंचेचाळीसच्या पुढे. मी स्वतः घेतली, आई-वडिलांना दिली, आणि तीच परिस्थिती आली तर पुन्हा देईन.

सिस्टर, त्या तिघांचं वाचून मलाही वाईट वाटलं. सात डोस वाया गेले असते तर काय झालं असतं? चार तासांचा नियम योग्यच आहे, त्यात जंतूंचा धोका असतो. पण वाया किती गेले हे मोजलं जात होतं, परत पाठवलेली माणसं कुणी मोजत नव्हतं.


तोरणमाळचा_पावरा | ८ मे, सकाळी ८:१०

मी धडगाव तालुक्यातला, शिक्षक आहे. सिस्टरचं आणि आशाताईंचं काम मला माहीत आहे, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण इथे आणि सगळीकडे 'आदिवासी भाग म्हणजे अंधश्रद्धा' असा सूर लागतो, त्याबद्दल बोलायचं आहे. २०२१ च्या जूनमध्ये अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात म्हणून लसीत चुंबक आहे, हा प्रकार कुठे झाला? नाशिक शहरात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना तिथे जाऊन समजावून सांगावं लागलं. आमच्या पाड्यावर कुणी चमचा चिकटवून बघितला नाही.

३ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी देशातल्या कमी लसीकरण झालेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यात नंदुरबारचं नाव होतं. त्यानंतर 'हर घर दस्तक' ही घरोघर लसीची मोहीम सुरू झाली. आता तारीख बघा. ४ नोव्हेंबरला दिवाळी. दिवाळी झाली की आमची निम्मी माणसं ऊसतोडीला सुरत, बारडोलीकडे जातात आणि होळीला परत येतात. म्हणजे तुम्ही दारावर थाप मारायला आलात तेव्हा दाराला कुलूप होतं. आमच्या वस्तीच्या यादीत मी स्वतः पाहिलं आहे, बंद घरापुढे 'नकार' असं लिहिलेलं. ती माणसं बारडोलीच्या फडात होती. तिकडे त्यांना विचारायला कुणी गेलं नाही, कारण तिकडच्या यादीत ती नव्हतीच. होळीला आमच्याकडे सगळे घरी असतात, रात्रभर जागे असतात. काठी गावच्या होळीला किती लोक जमतात ते सिस्टरने पाहिलं असेल. लस तिथे आणायला हवी होती.

आणि भाषा. टीव्हीवर हिंदी, पोस्टरवर मराठी, आमची आजी बोलते पावरी. गावच्या पुजाऱ्याला आणि कारभाऱ्याला आधी बसवून बोललं तिथे काम झालं. तेव्हाचे कलेक्टर भारूड साहेब स्वतः भिल्ल समाजातले, त्यांच्या बोलण्याला वजन होतं आणि पहिल्या लाटेनंतर लगेच त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्लांट उभे केले हे लोकांनी पाहिलं होतं. आधी काही केलेल्या माणसाचं लोक ऐकतात.


निवृत्त_सिस्टर | ८ मे, सकाळी ११:३०

दादा, बरोबर बोललात. त्या याद्या आमच्याच हाताने भरलेल्या आहेत. बंद घरासाठी वेगळा रकाना होता, पण संध्याकाळी घाईत आकडे पाठवताना सगळं एकाच रकान्यात जायचं. मीही केलं आहे. काठीच्या होळीला मी दोनदा ड्यूटीवर होते, दोन्ही वेळा फक्त प्रथमोपचाराची पेटी घेऊन.


चोपडा_वकील | ८ मे, दुपारी १:००

एक मुद्दा कुणी काढला नाही, सक्तीचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला होता. आकडे वाढले असतील, पण रेशनच्या गव्हासाठी दंड पुढे करणाऱ्याला तुम्ही लसीला तयार झालेला म्हणाल का? सुप्रीम कोर्टाने २ मे २०२२ ला स्पष्ट सांगितलं की कुणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही, शरीरावरचा हक्क कलम २१ मध्ये येतो. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही, असंही म्हटलं आहे. आणि लसीनंतरच्या त्रासाची माहिती लोकांपुढे आली पाहिजे, असंही. मला तिन्ही गोष्टी एकत्र पटतात.


केळीबाग_रावेर | ८ मे, दुपारी ३:४०

वकील साहेब, पटतंय, पण दुसरी बाजूही आहे. आमच्या बागेत केळीची काढणी करणारे वीस जण एका टेम्पोत बसून येतात. एकाने नाही म्हटलं तर तो एकट्यापुरता नाही म्हणत नाही. मी सक्ती केली नाही, टोचायच्या दुसऱ्या दिवशीची मजुरी मात्र खिशातून दिली. एकूण दोन जण सोडून सगळे गेले. आशाताईंनी लिहिलेला मजुरीचा मुद्दा शंभर टक्के खरा.


नाव_नको_पारोळा | ८ मे, रात्री ११:५५

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. मी लस घेतली नाही. एकही डोस नाही. तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय तो मी आहे, म्हणून लिहितो.

मी पदवीधर आहे, पेपर वाचतो. मेसेजवर विश्वास ठेवून मी नाही म्हटलं नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये माझ्या मोठ्या भावाला ताप आला. तपासणीत पॉझिटिव्ह निघाला, आम्ही त्याला एका कोविड सेंटरला नेलं. चालत गेला तो. आत आमच्यापैकी कुणाला जाऊ दिलं नाही. तीन दिवस त्याचा फोन लागायचा, तो म्हणायचा पाणी द्यायलाही कुणी लवकर येत नाही. चौथ्या दिवशी फोन लागला नाही. आम्ही गेटवर उभे, कुणी काही सांगेना. पाचव्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दिला. तोंड दाखवलं नाही. तो माझाच भाऊ होता की नाही हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

सहा महिन्यांनी त्याच खात्याची गाडी दारात आली, लस घ्या म्हणून. ज्यांनी गेट उघडलं नाही तेच आता माझ्या दारात आले होते. आई दारात आडवी उभी राहिली, म्हणाली, "मन्हा एक पोऱ्या गया, आते हाऊ नको." म्हणजे एक मुलगा गेला, आता हा नको. मी तिला ओलांडून गेलो नाही. आलेल्यांनी आधार कार्ड मागितलं, मोबाइल नंबर मागितला, नकाराचं कारण विचारून लिहून घेतलं. भावाबद्दल एकाने विचारलं नाही. त्यांच्या कागदावर 'गैरसमज' असं लिहिलेलं मी पाहिलं.

डॉक्टर साहेब, तुमचे आकडे मला कळतात. ते खरेही असतील. मला आकड्यांची शंका कधी नव्हती.


भुसावळ_डॉक्टर | ९ मे, सकाळी ७:३०

तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. माझ्याकडे तुमच्यासाठी युक्तिवाद नाही. त्या काळात मीही एका वॉर्डात होतो, आणि गेटबाहेर उभ्या असलेल्यांना रोज एक फोन करायला एक माणूस ठेवता आला असता, हे आम्हाला फार उशिरा सुचलं.


आशा_तळोदा | ९ मे, सकाळी १०:०५

भाऊ, आमच्या कागदावर कारणांचे रकाने ठरलेले होते. भीती, गैरसमज, आजारी, बाहेरगावी. 'घरात माणूस गेलं' असा रकानाच नव्हता. मी अशा घरांपुढे 'बाहेरगावी' लिहायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा त्यांना त्रास द्यायला कुणी जाणार नाही.


निवृत्त_सिस्टर | ९ मे, दुपारी १२:४५

पारोळ्याचे भाऊ, तुमची पोस्ट मी सकाळपासून चार वेळा वाचली. तुम्ही घ्यायला हवी होती असं मी म्हणणार नाही. लस चांगली होती, तिने माणसं वाचवली, यावर माझा विश्वास तसूभरही हललेला नाही. पण तुमच्या दारात आलेल्यांत मी असते तर मीही आधी आधार कार्डच मागितलं असतं, हे मला आज कबूल करायचं आहे. आम्हाला तेच शिकवलं होतं आणि संध्याकाळी तेच विचारलं जायचं, किती झाले?

तुमचा भाऊ काय करायचा? सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही सांगितलं तरी चालेल.


नाव_नको_पारोळा | ९ मे, रात्री १०:२०

बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करायचा. तालुक्यात कुठेही मोटार जळाली की रात्री-अपरात्री जायचा, पैसे नंतर द्या म्हणायचा. उधारीची वही अजून आईच्या पेटीत आहे. तो गेल्यावर दोन गावांतले लोक स्वतःहून पैसे घेऊन आले, वहीत त्यांचं नाव नव्हतं तरी. त्याला जाऊन चार वर्षं होतील. हे विचारणाऱ्या खात्यातल्या तुम्ही पहिल्याच, सिस्टर.


अमळनेरचा_मास्तर | १० मे, सकाळी ६:४०

भाऊ, पारोळा इथून लांब नाही. तुम्हाला चालणार असेल तर मी एकदा घरी येईन.


निवृत्त_सिस्टर | १० मे, रात्री ८:१५

आज दुपारी शिरपूरच्या काकांना फोन केला. मांडवात मी त्यांना डॉक्टर सांगतात तेच आकडे सांगितले होते. आज काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की त्या वर्षी तुमच्याकडे कोण गेलं. थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, मोठी बहीण, नरडाण्याची, मे २०२१, पहिला डोस घेऊन बाराव्या दिवशी तिला कोविड झाला आणि ती गेली. एका डोसने संरक्षण पुरतं यायला वेळ लागतो, संसर्ग आधीच झालेला असू शकतो, हे सगळं मला माहीत आहे. मी मध्ये बोलले नाही. ते तिच्याबद्दल पाऊण तास बोलत होते. तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीपासून तिने त्यांना शाळेत कसं घातलं तिथपर्यंत. शेवटी त्यांनीच विचारलं, मग तिला लसीने झालं नाही ना? मी म्हटलं, नाही काका. लस पोचायला उशीर झाला.

आशाताई, गुजरातहून परतलेल्या कुटुंबांच्या लेकरांचे गोवराचे डोस राहिलेत म्हणालीस फोनवर. गुरुवारचं सत्र पक्कं झालं की कळव. मी येते, मुक्कामाला.